पृथ्वी मोजायला मालवणला

मालवणला जाऊन आले असं सांगितलं की माणसं पहिला प्रश्न किल्ल्याचा विचारतात. नाही, किल्ला बघितला नाही. होडीत बसले नाही. समुद्रात पाय बुडवले ते एकदाच, आणि तेही चप्पल धुवायला. मी मालवणला सावली मोजायला गेले होते. ऐन नाताळच्या तोंडावर, घरातले फराळाचे डबे अर्धे रिकामे टाकून, पडद्याची एक दांडी खांद्याला लावून गेले होते. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे मी हसू देणार नाही.

मी फिलोमिना. वसईतल्या होळी नावाच्या गावात आमचं घर, मागे केळी आणि भाजीची वाडी. बत्तीस वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवलं. दरवर्षी नव्या पोरांना सांगायचे, पृथ्वी गोल आहे आणि तिचा परीघ चाळीस हजार किलोमीटर आहे. एका वर्षी एका मुलीने उभं राहून विचारलं, "टीचर, तुम्ही मोजलीत?" मी तिला खाली बसवलं. ते बसवणं मला नोकरीभर टोचत राहिलं. म्हणून निवृत्त झाल्यावर विद्यापीठाच्या एका सत्राच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. 'खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीची तोंडओळख'. बारावी झालेल्या कुणालाही प्रवेश, वर्ग दर शनिवारी विरारच्या एका कॉलेजात. बाकी सगळी एकोणीस-वीस वर्षांची पोरं. मी पहिल्या बाकावर बसायचे, कारण मागच्या बाकांवर काय चालतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

काय सुंदर विषय हो! ताऱ्याच्या रंगावरून त्याचं तापमान कळतं. त्याच्या उजेडातल्या काळ्या रेघांवरून तो कशाचा बनलाय ते कळतं. आमचे सामंत सर शिकवायचेही छान, ते नाकारणार नाही. ते म्हणायचे, चंद्र किती लांब, सूर्य किती लांब, तारे किती लांब ही सगळी एक शिडी आहे, आणि तिची पहिली पायरी म्हणजे पृथ्वीचं माप. ती पायरी प्रत्येकाने स्वतः चढायची. परीक्षेसाठी तोच प्रकल्प होता.

रीत सोपी आहे. सूर्य दुपारी सर्वांत वर आला की उभ्या काठीची सावली सर्वांत आखूड होते. दक्षिणेकडे जावं तसा हिवाळ्यात तो आणखी वर दिसतो आणि सावली आणखी आखूड होते. दोन गावांतल्या सावल्यांवरून सूर्याच्या उंचीत किती अंशांचा फरक पडला ते काढायचं. गावं उत्तर-दक्षिण किती किलोमीटर लांब आहेत ते नकाशावर मोजायचं. मग इतक्या अंशांना इतके किलोमीटर, तर तीनशेसाठ अंशांना किती? चौथीतलं त्रैराशिक! मोबाइलला जागा विचारायची नाही, कारण त्याला पृथ्वीचं माप आधीच कुणीतरी सांगून ठेवलंय.

पहिली रंगीत तालीम डिसेंबरच्या सुरुवातीला झाली. प्रत्येकाने आपापल्या घरी दुपारची सावली मोजून आणायची होती. आता आमच्या गावात दुपार म्हणजे काय? चर्चची बाराची घंटा. ती वाजली की माझे वडील कुदळ खाली ठेवून, टोपी काढून प्रार्थना म्हणायचे आणि मग जेवायला यायचे. जन्मल्यापासून मी तीच दुपार ओळखते. घंटा वाजली, मी सावली मोजली, शनिवारी आकडा दिला.

सरांनी फळ्यावर हिशेब केला आणि हसू दाबत म्हणाले, "मॅडम, तुमची वसई पार वर डहाणूला गेली."

वर्ग खो-खो हसत सुटला. कुणीतरी मागून ओरडलं, "टीचर, चिकू आणा!" चूक माझीच होती. घंटा वाजते घड्याळाप्रमाणे, आणि घड्याळ चालतं सगळ्या देशासाठी ठरवलेल्या एका वेळेवर. आपण पश्चिमेला, त्यामुळे आपल्याकडे सूर्याचे बारा वाजायला आणखी अर्धा-पाऊण तास लागतो, आणि तोवर सावली लांबच असते. हे सरांनी दोन महिन्यांपूर्वी शिकवलं होतं, मी वहीत लिहिलंही होतं. पण अंगात मुरलेली घंटा वहीतून थोडीच जाते? चूक कबूल केली, हसण्यात हसले.

डोक्यात तिडीक गेली ती त्यानंतर. तास संपल्यावर सरांनी मला बाजूला घेतलं. आवाज अगदी मऊ. "मॅडम, तुम्ही प्रकल्प सोडून द्या. दुसऱ्या गावी जायचं, उन्हात उभं राहायचं, या वयात कशाला दगदग? मुलं काय, इकडे-तिकडे मित्रांकडून आकडे मागवतील. तुम्हाला मी हजेरीचं प्रमाणपत्र देतो. मस्त फ्रेम करून लावा घरात."

"आणि उत्तीर्ण झाल्याचं?"

"त्याला प्रकल्प लागतो ना." ते हसले. "पण तुम्हाला कुठे नोकरी करायचीय?"

एकवेळ नापास केलं असतं तरी चाललं असतं. मी बत्तीस वर्षं पोरांना पास-नापास केलंय, पण 'तू नुसता बसून राहा, तुला खाऊ देते' असं कुणाला म्हटलं नाही. म्हटलं, "सर, मला हजेरी नको. मी दोन्ही गावांना स्वतः जाणार. पास करायचं की नाही ते नंतर ठरवा."

२१ डिसेंबर, होळी

तारीख मी बदलू शकत नव्हते. याच दिवसांत सूर्य दक्षिणेच्या टोकाला जाऊन चार-पाच दिवस जवळजवळ तिथेच थबकतो. म्हणजे आज एका गावात आणि तीन दिवसांनी दुसऱ्या गावात मोजलं तरी चालतं. आणि याच दिवसांत नाताळ येतो! घरी कळल्यावर काय झालं असेल त्याची कल्पना करा. फुग्या तळायच्या कुणी, बाळ येशूचा गोठा सजवायचा कुणी, पाहुण्यांना काय सांगायचं? आमचे हे, पास्कल, दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी माणिकपूरला जाऊन हार्डवेअरच्या दुकानातून गवंड्याचा ओळंबा आणि पाणसळ घेऊन आले. दुकानदार म्हणाला, "काम कुठे काढलंय, मावशी?" म्हटलं, "पृथ्वीचं." त्याने मुकाट्याने पिशवी दिली.

दांडी हॉलमधल्या पडद्याची. तिला एक मीटर उंचीवर पुठ्ठ्याचा तुकडा लावला आणि त्याला सुईने भोक पाडलं. सावलीचं टोक नेहमी धूसर असतं, नेमकं कुठे संपतं ते कळत नाही. भोकातून मात्र जमिनीवर पावट्याच्या दाण्याएवढा उजेडाचा ठिपका पडतो, त्याचा मध्य छान मोजता येतो. आणि तो ठिपका भोकाच्या आकाराचा नसतो बरं का, ते सूर्याचंच चित्र असतं. हे कळलं त्या दिवशी मी गच्चीवर एकटीच टाळ्या वाजवल्या होत्या.

दांडी उभी राहायला बूड हवं होतं. सकाळी उठून बघते तर एका लांब फळीला बरोबर मापाचं भोक पाडून ठेवलेलं. पास्कल केळीला पाणी द्यायला निघून गेले होते.

बारा वाजता मी गच्चीवर वाकून बसलेली, घंटा झाली. पास्कल वाडीतून आले, टोपी काढून प्रार्थना केली, आणि खालून हाक मारली, "बारा वाजले, जेवायला चल."

"अजून वाजले नाहीत."

"घंटा ऐकली नाहीस?"

"ऐकली. सूर्याने नाही ऐकली. वर येऊन बघा."

आले. मी दर पाच मिनिटांनी ठिपक्याच्या मध्यावर पेन्सिलची खूण करत होते. घंटेच्या वेळी ठिपका पंच्याण्णव सेंटिमीटरच्याही पुढे होता. मग सरकत सरकत आत आला. साडेबाराच्या पुढे तो सर्वांत जवळ आला, आणि मग परत लांब जायला लागला. पास्कल उकिडवे बसून शेवटपर्यंत बघत होते. एकदा म्हणाले, "म्हणजे माझा बा इतकी वर्षं अर्धा तास आधीच जेवत होता?" ब्याण्णव सेंटिमीटर आणि पाच मिलिमीटर. मी आकडा वहीत लिहिला, खाली त्यांची सही घेतली. साक्षीदार असावा.

२३ डिसेंबर, मालवण

मालवण का, तर ॲटलासमध्ये पट्टी ठेवली तेव्हा आपल्या किनाऱ्याने खाली खाली जात तेच बरं सापडलं. उत्तर-दक्षिण अंतर तीनशे सत्तर किलोमीटर. सोबतीला सुमन आली. ती माझ्याच शाळेतली, चित्रकलेची शिक्षिका, खाडीकाठच्या गावातली, आता बोळिंजला सुनेकडे राहते. वर्गात शुद्ध बोलायची, माझ्याशी बोलताना घरचं बोलते. मी तिला सगळं समजावलं तेव्हा ती म्हणाली, "तुझ्या त्या ताऱ्यांतलं मला कलत नाय. पन त्या सराला पानी पाजायचंय ना? मग चल."

बसचा प्रवास सांगण्यासारखा नाही. एवढंच सांगते की वाहकाने दांडीचं तिकीट मागितलं आणि सुमनने त्याला ती माझी मोडलेल्या पायाची काठी आहे असं सांगितलं. मला उतरेपर्यंत लंगडावं लागलं.

राहायला शालनवहिनींची खानावळ. पुढे चार टेबलं, वर दोन खोल्या, त्यावर गच्ची. वहिनी पन्नाशीच्या, पदर खोचलेला, डोळे बारीक. दांडी बघून म्हणाल्या, "ह्यां काय गो? पडदो लावूक इलंय?"

मी सांगितलं, पृथ्वी मोजायला आलेय. त्यांनी दांडीला बोट लावून बघितलं. मग म्हणाल्या, "जेवण करूक सांगू मा आधी? का मोजून झाल्यार?"

असं माणूस मला आवडतं. आपल्याकडे पाहुणा आला की आधी पाणी, मग चौकशी, मग कुणाचे कोण ते. तिथे आधी ताट. सुरमई तळलेली, तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी. आमच्या मसाल्यात झणका आहे, त्यांच्यात खोबरं बोलतं. मी सुकेळी नेली होती, आमच्याकडे केळी सोलून उन्हात वाळवतात ती. वहिनींनी एक तोंडात टाकली आणि आतून गुळात घोळवलेल्या खाज्याची पुडी आणून माझ्या हातात कोंबली. फिट्टंफाट. आणि सुमन? मार्गशीर्ष चालू होता! मालवणात, सुरमईच्या शेजारी बसून बाई वरणभात जेवली. मी म्हटलं, "देव काय वसईहून बघायला आलाय?" ती म्हणाली, "तुझा सूर्य बघतो तसा माझा देव बगतो. गप खा."

तेवीसला सकाळी ऊन लख्ख होतं. गच्ची मात्र आमच्यासारखी गुळगुळीत नव्हती, चिरेबंदी आणि पावसाचं पाणी जायला उतरती. घरून आणलेली ती लांब फळी खाली घालून, तिच्याखाली वर्तमानपत्राच्या घड्या सारून पाणसळीतला बुडबुडा मध्यावर आणेपर्यंत माझा घाम निघाला. ओळंबा लावून दांडी सरळ केली. अकरा पन्नासला मी तयार. बारा दहाला पहिली खूण. सव्वाबाराला दुसरी. आणि बारा वीसला समुद्राकडून मळभ आलं.

ढग म्हणजे काळा वगैरे नव्हता. साधा पांढुरका, दुधावरच्या सायीसारखा. पण ठिपका विझला. मी वर बघत उभी, सुमन वर बघत उभी. वहिनी आल्या, त्याही वर बघू लागल्या, आणि त्यांच्या कपाळाला माझ्याहून जास्त आठ्या. "आंब्याक मोहर इलोहा," त्या म्हणाल्या. "ह्यां मळभ ऱ्हवलां तर सगळो गळतलो." खालच्या गल्लीतही माणसं घराबाहेर येऊन वर बघत होती. माझा एक आकडा गेला तर मला इतकं लागलं, त्यांचा वर्षाचा आंबा होता. मला थोडी लाज वाटली, पण राग गेला नाही, खरं सांगते.

पावणेदोनला ऊन आलं. त्याचा उपयोग शून्य.

आमचं परतीचं तिकीट त्याच संध्याकाळचं होतं. चोवीसला सकाळी घरी, रात्री सगळ्या घरादारासह चर्चमध्ये मिस्सा, नाताळची मोठी उपासना. लग्न झाल्यापासून मी ती एकदाही चुकवलेली नाही. सासूबाई अंथरुणाला होत्या तेव्हाही नाही.

सुमनने वही पुढे ओढली. "दोन खुना हायेत ना तुझ्याकडं? पुडचं अंदाजाने घाल. बारा पंदराला इतका होता, म्हंजे साडेबाराला इतका आला असता. चित्रात मी नाय का पोरांना अर्धा चेहरा काढून उरलेला पुरा करायला लावत? कोन बगतंय?"

"मी बघतेय."

"फिलू, नाताळ आहे." हे तिने शुद्ध म्हटलं. म्हणजे मनापासून.

मला माहीत होतं की तिचं गणित फारसं चुकणार नाही. सरांनाही कधी कळलं नसतं. पण मग त्या मागच्या बाकावरच्या पोरांत आणि माझ्यात फरक काय? त्यांनी आकडा मित्राकडून आणला, मी ढगाकडून आणला असता. मी पास्कलना फोन लावला.

"आज झालं नाही," मी म्हटलं. "ढग आला. उद्या दुपारी परत बघते. पंचवीसला सकाळी पोचेन."

पलीकडे त्यांनी टीव्ही बंद केला. मग, "उद्या रात्री मिस्सा आहे."

"माहितीय."

"पोरं, नातवंडं सगळी येतील. मी काय सांगू? आई कुठाय म्हणतील."

"सांगा, मोजतेय."

"उद्या पण ढग आला तर?"

परवाही आला तर? सूर्य काही माझ्यासाठी तिथे थांबून राहणार नव्हता. मी म्हटलं, "आला तर आला. पण खोटा आकडा घेऊन मी घरी येणार नाही." त्यांनी फोन ठेवला. ठेवला की कट झाला, कळलं नाही. मी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडले. का लपवू? एकोणसाठ वर्षांची बाई, नाताळच्या आदल्या दिवसाच्या आदल्या दिवशी परक्याच्या गच्चीवर रडत होते, आणि रडतानाही आकाशाकडेच बघत होते.

२४ डिसेंबर, तीच गच्ची

सकाळी वहिनी घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबार घेऊन वर आल्या तेव्हा आभाळ निम्मं झाकलेलं. मला घास जाईना. वहिनी म्हणाल्या, "खा गो. उपाशी ऱ्हवलंस म्हणून मळभ हलूचा नाय." खाल्लं.

मळभ हललं ते अकराला, आणि पूर्ण नाहीच. तुकडे तुकडे होऊन फिरत राहिलं. मी फळी पुन्हा समतल केली, कारण रात्री मांजर वर्तमानपत्राच्या घड्यांवर झोपून गेली होती. बारा दहा, खूण. सव्वाबारा, ढग. बारा वीस, खूण. बारा पंचविसाला ऊन स्वच्छ, पण ठिपका दिसेना! मी दांडीभोवती वेड्यासारखी गरगर फिरले. सुमन ओरडली, "अगं, साडी!" वहिनींनी वाळत घातलेली नऊवार वाऱ्याने फुगून दांडीच्या वर आली होती. सुमनने ती अशी ओढली की दोरीसकट खाली. वहिनी जिन्यातून वर येत होत्या, त्या बघतच राहिल्या. मी म्हटलं, "धुवून देते, आता बोलू नका." आणि खूण केली.

साडेबारा, खूण. बारा पस्तीस, खूण. बारा चाळीस, ठिपका थोडा बाहेर गेला. पावणेएक, आणखी बाहेर. मग मोठा ढग आला आणि सगळं संपलं. पण मला हवं ते आधीच कागदावर होतं. सर्वांत आखूड खूण मी पट्टीने तीनदा मोजली, तिसऱ्यांदा सुमनला मोजायला लावली. ब्याऐंशी सेंटिमीटर, पाच मिलिमीटर. घरच्यापेक्षा बरोबर दहा सेंटिमीटर आखूड!

दहा सेंटिमीटर म्हणजे काय असतं? एक वीतही नाही. पण मी घरापासून इतकी खाली आले होते, आणि जमीन माझ्या पायाखाली तेवढी वळली होती, आणि ते वळणं मला त्या फळीवर दिसत होतं. गोलावर उभी असल्यासारखं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं. मी सुमनला मिठी मारली. वहिनींनाही मारली. त्या म्हणाल्या, "सुटलां मा तुझां? आता माझी साडी धू." मी धुतली. निघताना त्यांनी जेवणाचे पैसे घेतले आणि वर बजावलं, "वसईक गेल्यार सांग हां, किती भरली ती."

त्या रात्री बसमध्ये, घरी मिस्सा सुरू व्हायच्या वेळेला, मी सुमनच्या खांद्यावर डोकं ठेवून हळू आवाजात नाताळची गीतं म्हटली. तिला एकही येत नव्हतं, तरी ती प्रत्येकाला हूं हूं करत होती. पुढच्या सीटवरचा माणूस दोनदा मागे वळून बघून गेला.

२५ डिसेंबर, होळी

फाट्यावर पास्कल स्कूटर घेऊन उभे होते. नवा शर्ट, चेहरा फुगलेला. पिशव्या पुढे ठेवल्या, दांडी माझ्या हातात दिली, स्कूटर सुरू केली. तडक चर्चला. सकाळची मिस्सा मिळाली, प्रवासाच्या कपड्यांतच. शेजारणींनी माझ्या धुळीने भरलेल्या पायांकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं, मग त्यांनी गीताच्या पुस्तकात बघितलं.

घरी आल्यावर सगळे जेवायला बसले. फुग्या झाल्या होत्या, यांनी आणि मोठ्या सुनेने मिळून तळलेल्या, जरा कडक. मी त्यातली एक उचलली तर पास्कल म्हणाले, "आधी भागाकार."

"जेवू द्या तिला, पप्पा," मुलगा म्हणाला.

"तिने मिस्सा सोडली यासाठी. मला बघायचंय काय आलं ते."

ताट सरकवून मी वही उघडली. सावल्यांवरून अंश काढले, वजाबाकी केली. सव्वातीन अंश. तीनशे सत्तर गुणिले तीनशे साठ, भागिले सव्वातीन. नातवंडं भोवती गोळा झाली. चाळीस हजार नऊशे पंच्याऐंशी किलोमीटर.

पास्कलनी आकडा दोनदा वाचला. "पुस्तकात किती आहे?"

"चाळीस हजार आणि थोडे."

"म्हणजे इतकी जवळ आली?" ते माझ्याकडे बघत राहिले. मग माझं ताट परत पुढे ओढलं आणि स्वतःच्या हाताने त्यात मटण वाढलं. नाताळची भेट म्हणून मला याहून जास्त काही नको होतं.

जानेवारी, विरार

तोंडी परीक्षेला बाहेरून एक परीक्षक बाई आल्या होत्या, माझ्याहून वीस वर्षांनी लहान, केस कापलेल्या. टेबलावर सगळे प्रकल्प मांडलेले. रांगेत उभी असताना मी इतरांचे आकडे चाळले. चाळीस हजार पंचाहत्तर. चाळीस हजार पंचाहत्तर. पुन्हा चाळीस हजार पंचाहत्तर. पोरांनी पुस्तकातला आकडा घेऊन उलट्या बाजूने सावल्या तयार केल्या होत्या! चौथीची पोरंही याहून हुशारीने कॉपी करतात, निदान एखादा आकडा बदलतात.

माझी वही बघून सामंत सर हळूच वाकले. खरंच माझ्या भल्यासाठी वाकले, ते मी मान्य करते. "मॅडम, नऊशे जास्त आलेत. शेवटचं पान पेन्सिलने आहे ना? दोन-तीन मिलिमीटर इकडचे तिकडे केलेत तर उत्तर चाळीस हजाराला टेकेल. बाहेरच्या परीक्षक आहेत, उगाच नापास व्हाल."

"खोडणार नाही."

"अहो, पण चूक आहे ते."

"असू दे. माझी आहे." माझा आवाज चढला, मला कळलं, पण थांबले नाही. "बत्तीस वर्षं मी पोरांच्या वह्यांत खाडाखोड पकडली, सर. आता स्वतःच्या वहीत करू? नापास करायचं तर करा. पण जेवढी भरली तेवढीच मी लिहिणार."

परीक्षक बाईंनी मान वर केली. "द्या इकडे ती वही." त्यांनी पानं उलटली. ढगामुळे रिकाम्या राहिलेल्या वेळा, तेवीस तारखेचं अर्धवट टाकलेलं पान, साडीची नोंद, पास्कलची सही. साडीपाशी थांबून हसल्या. मग विचारलं, "तुमचं उत्तर कितीने चुकलं असेल, असं तुम्हाला वाटतं?"

"वाटत नाही, काढलंय. सावली एक मिलिमीटर चुकली तर उत्तर चारशे किलोमीटरने हलतं. दोन गावं, दोन सावल्या. शिवाय नकाशावरची पट्टी. हजारभर किलोमीटर इकडे किंवा तिकडे धरा. खरा आकडा त्याच्या आत बसतो."

त्यांनी मान डोलावली. मग दुसऱ्या गठ्ठ्यातली वरची वही उचलून त्या मुलाला विचारलं, "तू मोजलंस तेव्हा कुठे उभा होतास?" त्याने शेजारच्याकडे बघितलं. पुढची वही, पुढची मुलगी. ती स्वतःच्याच वहीची पानं चाळायला लागली. शेवटी बाई माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही?"

मी सांगितलं. गच्ची, मळभ, मोहोर, सगळं. पोरं मागच्या बाकांवरून उठून पुढे आली होती. माझं बोलून झाल्यावर परीक्षक बाईंनी माझ्यासमोर, मला दिसेल असा, गुणपत्रिकेत शेरा लिहिला. उत्तीर्ण. त्या गठ्ठ्यातल्या वह्या त्यांनी पुन्हा करून आणायला परत दिल्या.

सामंत सर जिन्यापर्यंत माझ्यासोबत आले. बिचारे ओशाळले होते. म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. मला खरंच वाटलं होतं, तुम्हाला जमणार नाही."

"वाटण्यावर कशाला थांबलात, सर?" मी म्हटलं. "मोजून बघायचं होतंत."